मूळ की सहमूळ?

"मामा, ८ पण मूळ नाही अन् ९ पण मूळ नाही. मग दोघी मिळून सहमूळ कशा होऊन राहिल्या?" सहावीतल्या भाचीचा प्रश्न. रास्तच आहे, कारण घोळ नावानंच घातलाय. सहप्रवासी आधी प्रवासी असतोच, तेव्हा सहमूळ संख्या आधी मूळ असेल असं कोणालाही वाटणार.

मूळ असणं हा एकट्या संख्येचा गुण. तिला बरोबर दोनच विभाजक: १ आणि ती स्वतः. ८९ घ्या. २, ३, ५, ७, कशानंच भाग जात नाही. पुढची मूळ संख्या ११, पण तिचा वर्ग १२१, म्हणजे ८९ च्या पुढे गेला; एवढा मोठा विभाजक असता तर त्याचा लहान जोडीदार आधीच सापडला असता. तपासणी संपली, ८९ मूळ. सहमूळ मात्र साडूसारखं. माणूस एकटा उंच असू शकतो, एकटा साडू कसा असेल? दोन संख्यांना १ सोडून एकही सामाईक विभाजक नसेल, तर त्या एकमेकींच्या सहमूळ. बस.

भाचीला घरचेच आकडे दिले. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२. पुढचं शून्य सोडा, उरले ७१२. शहराचे पिनकोड ४४० नं सुरू होतात, कामठी-रामटेककडचे ४४१ नं. तिन्हींत एकही मूळ नाही:

७१२ = २ × २ × २ × ८९
४४० = २ × २ × २ × ५ × ११
४४१ = ३ × ३ × ७ × ७

७१२ आणि ४४० मध्ये ८ सामाईक, म्हणून त्या सहमूळ नाहीत. पण ७१२ आणि ४४१ सहमूळ! ४४० आणि ४४१ सुद्धा, कारण लागोपाठच्या दोन संख्यांना १ शिवाय दुसरा सामाईक विभाजकच नसतो. उलट ८९ मूळ असूनही ७१२ शी सहमूळ नाही, ती तिच्या पोटातच बसलीये. आणि १? ती मूळही नाही, संयुक्तही नाही, पण सगळ्यांशी सहमूळ.

मला आवडतं ते हे, की सहमूळ तपासायला अवयव पाडावेच लागत नाहीत. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडची रीत: मोठीला लहानीनं भागा, मग लहानीला बाकीनं, असंच पुढे. ७१२ आणि ४४१ च्या बाक्या येतात २७१, १७०, १०१, ६९, ३२, ५, २, १. शेवटी १ आला, म्हणजे सहमूळ. शेकडो अंकी संख्यांनाही ही रीत झटक्यात चालते, अवयव पाडणं मात्र तिथं भल्याभल्या संगणकांना जड जातं.



"पण याचा उपयोग काय?" नागपूर मेट्रोच्या सीताबर्डी इंटरचेंजवर ऑरेंज आणि अ‍ॅक्वा लाइन भेटतात. समजा एक गाडी दर ८ मिनिटांनी, दुसरी दर १२ नी. एकदा सोबत आल्या की २४ मिनिटांनी पुन्हा सोबत येतील. १२ च्या जागी ९ केले तर?

"बहात्तर," भाची म्हणाली. "सहमूळ आहेत ना, मग थेट गुणाकार!"