पार्श्वभूमी : नाताळचे ताट आणि ‘कोन्सुआद’ हा शब्द

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत जे तळणे-घोटणे सुरू होते, त्याला आपली वर्तमानपत्रे ‘नाताळचा फराळ’ म्हणतात. कामचलाऊ म्हणून ठीक, पण मूळ नाव विसरले की त्या सगळ्या खटाटोपाचा हेतूही नजरेआड होतो. गोव्यात या ताटाला कोन्सुआद म्हणतात, मंगळूरकडे कुस्वार. हे दोन शब्द एकच आहेत की नाहीत, आणि एक असतील तर त्यांचा अर्थ काय, यावर दर नाताळला वाद होतो.

कोन्सुआद हा पोर्तुगीज शब्द. सांत्वन करणे, धीर देणे या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला. उपासाच्या दिवशी संध्याकाळी घ्यायचा हलका आहार, म्हणजे दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटाचे सांत्वन, हा त्याचा जुना अर्थ. 24 डिसेंबर हा चर्चच्या नियमाने उपासाचा आणि मांस वर्ज्य असलेला दिवस होता. त्यामुळे त्या रात्रीच्या जेवणालाच हे नाव चिकटले. पोर्तुगालमध्ये आजही कोन्सुआद म्हटले की खारवलेला कॉड मासा, उकडलेले बटाटे आणि कोबीची पाने हेच जेवण डोळ्यांसमोर येते. गोव्यात मात्र त्याच शब्दाने दोदोल (गूळ-नारळाची घोटलेली मिठाई), नेवऱ्या (करंज्या), दोस (हरभऱ्याच्या डाळीची वडी) यांनी भरलेले आणि शेजारी धाडायचे ताट उभे राहते.

यावरून ‘गोंयकारांनी शब्दाचा अर्थ फिरवला’ असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. पोर्तुगीज कोशांत या शब्दाचा आणखी एक अर्थ दिलेला असतो : नाताळनिमित्त द्यायची भेट. म्हणजे गोव्याने अर्थ बदलला नाही. दोन अर्थांपैकी एक धरून ठेवला आणि त्यात आपला नारळ-तांदूळ भरला. 1966 मध्ये रोमहून नियम सैल झाले, नाताळच्या आदल्या दिवसाचा सक्तीचा उपास गेला, आणि जेवणाचा अर्थ गोव्यात आणखी मागे पडला. ताट राहिले.

कुस्वारचे कोडे उच्चारात आहे. कोन्सुआदमधला अनुनासिक गळतो, कुस्वाद होतो, शेवटचा द किंवा ड जिभेवर घसरून र होतो. सोळाव्या ते अठराव्या शतकात गोव्यातून मंगळूरच्या बाजूला कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी हा शब्द सोबत नेला, हेच स्पष्टीकरण सर्वात सरळ वाटते. फरक वापरात आहे. मंगळुरी माणूस ‘कुस्वार केला’ म्हणतो, म्हणजे पदार्थांचा संच. गोंयकार कोन्सुआद ‘धाडतो’. मुंबईत हे दोन्ही लोक एकाच इमारतीत राहतात आणि तिथे घोळ होतो. सहा कप्प्यांच्या तयार डब्यावर हल्ली कुस्वार छापतात. त्या अर्थाने ते चालेल. पण आपणच विकत घेऊन आपणच खाल्लेल्या डब्याला कोन्सुआद म्हणणे चुकीचे आहे. पाठवणे हा या शब्दाचा गाभा आहे.

त्यामागचा इतिहास थोडक्यात. 1510 मध्ये पोर्तुगीज सत्ता आली, धर्मांतरे झाली, स्वयंपाकघर मात्र तेच राहिले. 1736 च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने तुळस लावणे, हिंदूंच्या रीतीने बिनमिठाचा भात शिजवणे अशा गोष्टींवरही बंदी घातली. जिथे भातातले मीठ तपासले जात होते, तिथे नेवरी टिकली याचे अप्रूप वाटायला हवे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, हिंदू घरात तळली जाणारी नेवरी नाताळला ख्रिस्ती घरात तळली जाऊ लागली. सणासमारंभाला लेकीच्या सासरी वजें, म्हणजे खाऊची भेट, पाठवायची रीतही दोन्हीकडे उरली : हिंदूंकडे चवथीला, ख्रिस्ती घरांत लग्नात. त्यामुळे नाताळला ताट धाडणे कुणाला परके वाटण्याचे कारण नव्हते.

पदार्थांचा क्रम टिकाऊपणावरून ठरतो, आणि नाताळपूर्वीचे पंधरा दिवस का लागतात ते इथेच कळते. आधी पेराद, म्हणजे पेरूचा गर साखरेत आटवून केलेली वडी, आणि दोदोल. मग हरभऱ्याच्या डाळीचा दोस. नंतर कुलकुल, ज्यांना गोव्यात किडयो म्हणतात. ओल्या नारळाच्या नेवऱ्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत, कारण त्या चार दिवसांत खवट होतात. लवकर करायच्या असतील तर सारणाला भाजलेला रवा, तीळ आणि सुके खोबरे घ्यावे.

दोदोलला वेळ द्यावा लागतो. पाव किलो तांदळाच्या पिठाला पाऊण ते एक किलो माडाचा काळा गूळ आणि चार मोठ्या नारळांचे दूध. पीठ आधी थंड, पातळ दुधात कालवायचे. गरम दुधात टाकले की गुठळ्या होतात आणि त्या शेवटपर्यंत मोडत नाहीत. गूळ वितळवून गाळायचा, त्यात रेती असते. मग जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर दोन-तीन तास अखंड ढवळणे. हात थांबला की तळ धरतो आणि करपट वास सगळ्या घाण्याला लागतो. कडेने तेल सुटले आणि ओल्या हाताने दाबल्यावर बोटाला चिकटले नाही, की झाला. लवकर उतरवला तर वडी पडत नाही आणि आठवड्यात बुरशी धरते. जास्त ठेवला तर चिवट होतो. दोदोल हे नाव मलायी जगातले. जावा, मलाक्का, श्रीलंका इथे याच नावाचा, याच जातीचा पदार्थ आहे. जहाजांच्या वाटेवर तो फिरला.

कुलकुलांत मुलांचे हात लागतात. पाव किलो मैदा, एक अंडे, दोन चमचे गरम तूप, चिमूटभर मीठ आणि लागेल तेवढे दाट नारळाचे दूध. पीठ पुरीपेक्षा घट्ट हवे, सैल झाले तर रेघा उमटत नाहीत. बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा फक्त यासाठी ठेवलेल्या नव्या फणीवर अंगठ्याने चपटी करायची आणि गुंडाळत आणायची. कड नीट दाबली नाही तर तेलात उलगडते. तेल कोमट असेल तर कुलकुल तेल पिऊन बसते, फार तापले तर वरून लाल आणि आत कच्चे.

बिबिंक, म्हणजे थराथरांचा गोड केक, हे ताटातले सर्वात नखरेल. एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही, आणि आच वरून हवी. म्हणून पूर्वी झाकणावर करवंट्यांचे निखारे ठेवत. निदान सात थर. 2023 मध्ये गोव्याच्या बिबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यानंतर सगळा प्रकाश त्याच्यावर पडला. दोदोल आणि दोस मागे राहिले, हे बरे झाले नाही.

गेल्या साठ वर्षांत ताट जितके बदलले तितके आधी क्वचितच बदलले असेल. 1961 चा नाताळ गोवामुक्तीनंतर सहाच दिवसांनी आला. मग 1970 नंतर आखाती नोकऱ्या वाढल्या, ढवळायला बसणारे हात कमी झाले, गॅसची भट्टी आली, आणि दोदोल घरी घोटण्याऐवजी म्हापसा-मडगावच्या बाजारातून येऊ लागला. त्याहून मोठी अडचण गुळाची. माडावर चढून गुळासाठी रस काढणारे रेंदेर कमी झाले तसा माडाचा गूळ महागला. उसाचा गूळ घातलेला दोदोल दिसतो तसाच, पण त्यात तो धुरकट, किंचित खारट स्वाद नसतो. विकत घेताना हे विचारावेच.

वसई-मुंबईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत यादी वेगळी आहे : नेवऱ्या, कुलकुल, खजुराच्या वळकट्या, मार्झिपान (बदाम-काजूची मिठाई), दुधाची वडी. 1739 मध्ये वसई पोर्तुगिजांच्या हातून गेली, पण ताटे जात राहिली, आणि दिवाळीची ताटे परत येत राहिली. रिकामे ताट परतवायचे नाही हा नियम दोन्हीकडे एकच.

ताट जाते ते क्रोशाच्या विणलेल्या रुमालाखाली झाकून, बहुधा मुलांच्या हाती. पदार्थ पाच-सहा प्रकारचे, प्रत्येकी थोडे थोडे, तेलकट नेवऱ्या एका कडेला म्हणजे पेरादला तेल लागत नाही. ज्या घरात वर्षभरात कुणी गेले असेल तिथे त्या नाताळला काही गोड करत नाहीत. शेजाऱ्यांची पहिली ताटे त्या घरी पोचतात, आणि तेवढ्या एका वर्षी तिथून ताट रिकामे परत आले तरी चालते.