जाळीत सापडलेला हरवलेला वटवट्या

दसऱ्याच्या सुमारास महाराष्ट्रातल्या बागांमध्ये आणि ओढ्याकाठच्या झुडपांमध्ये ‘चेक्, चेक्’ असा कोरडा आवाज येऊ लागतो. आवाज करणारा पक्षी सहसा दिसत नाही, आणि दिसला तरी डोळ्यांत भरावे असे त्याच्यात फारसे काही नसते. पाठ मातकट, पोट फिकट आणि डोळ्यावर भुवईची पुसट रेघ, एवढेच. हा ब्लिथचा बोरू वटवट्या. रशिया आणि मध्य आशियाच्या पट्ट्यात वीण उरकून दहा-बारा ग्रॅम वजनाचा हा जीव हिवाळा काढायला भारतीय उपखंडात उतरतो. बोरू वटवट्यांच्या काही जाती एकमेकींशी इतक्या मिळत्याजुळत्या आहेत की दुर्बीण कितीही चांगली असली तरी मुरलेले निरीक्षकसुद्धा खात्रीने नाव घ्यायला कचरतात. अशा पक्ष्यांच्या अभ्यासात त्यांना पकडून, मोजून, पायात क्रमांकाचे कडे घालून पुन्हा सोडून देणे हाच भरवशाचा मार्ग ठरतो.

हे काम हंगामाचे आणि पहाटेचे. बारीक काळ्या धाग्याची, साधारण बारा मीटर लांबीची जाळी झुडपांच्या रांगेत अशी ताणतात की मागच्या हिरवाईत ती दिसेनाशी होते. इंग्रजीत तिला मिस्ट नेट, म्हणजे धुक्याची जाळी, म्हणतात, ते सार्थच आहे. जाळीतल्या आडव्या दोऱ्यांमुळे तिला ठिकठिकाणी झोळ पडतो आणि आदळलेला पक्षी त्या झोळात अडकतो. दर वीस-तीस मिनिटांनी फेरी मारावीच लागते. पाऊस, वारा किंवा ऊन वाढले की जाळ्या मिटवून ठेवतात, कारण अडकलेला लहान पक्षी फार लवकर गारठतो किंवा उन्हाने गळून जातो. कडे चढवणे हे विशिष्ट पकडीचे, काही सेकंदांचे काम आहे. खरे कसब पक्षी जाळीतून सोडवण्यात असते. तो कोणत्या बाजूने शिरला हे आधी ओळखावे लागते आणि त्याच वाटेने, पिसे न दुखावता, त्याला माघारी काढावे लागते. त्यानंतर कापडी पिशवी, तराजू आणि पट्टी. पंखाची लांबी मोजतात, पिसांची झीज पाहून वय ठरवतात आणि गळ्याखालची पिसे फुंकरीने बाजूला करून खळगीत साठलेली चरबी पाहतात. चरबी भरपूर असेल तर पक्षी लांबच्या उड्डाणाच्या तयारीत आहे असे समजावे.

पायात क्रमांकाचे ॲल्युमिनियमचे कडे घालण्याची पद्धतशीर सुरुवात 1899 मध्ये डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांवर केली. भारतात हे काम प्रामुख्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वाढवले; तिच्या कड्यांवर क्रमांकासोबत संस्थेला कळवण्याची विनंती कोरलेली असते. लहान पक्ष्यांची कडी दूरच्या देशात पुन्हा सापडण्याचे प्रमाण अगदी नगण्य आहे, त्यामुळे हा सगळा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण त्याच जागी पुढच्या वर्षी पुन्हा जाळीत आलेला पक्षी अधिक मोलाचा असतो, कारण त्यावरून वर्षभरात किती प्रौढ पक्षी जगले याचा अंदाज बांधता येतो. उत्तर अमेरिकेत 1989 पासून दर उन्हाळ्यात ठरावीक ठिकाणी अशा जाळ्या लावल्या जातात आणि त्या वर्षीच्या पिल्लांचे प्रौढांशी असलेले प्रमाणही काढले जाते. संख्या घटते आहे एवढे नुसत्या मोजणीतून कळते. विणीत घरटी फसतात की हिवाळ्याच्या मुक्कामी पक्षी मरतात, हे ताडायला मात्र अशी आकडेवारी लागते, आणि रक्षण नेमके कुठे करायचे हे त्यावरच अवलंबून असते.

कधी कधी पिशवीतून अनपेक्षित पाहुणाही निघतो. ब्रिटिश पक्षी अभ्यासक ॲलन ह्यूम यांनी 1867 मध्ये सतलजच्या खोऱ्यात एक बोरू वटवट्या टिपला होता. त्याची चोच लांब आणि पंख आखूड होते. हा एकुलता एक नमुना वेगळी जात आहे की एखादा विचित्र वटवट्या, यावर शतकभराहून अधिक काळ एकमत नव्हते. 2002 मध्ये त्याच्या डीएनएवरून ती वेगळी जात ठरली, पण जिवंत पक्षी कोणी ओळखला नव्हता. 27 मार्च 2006 रोजी थायलंडमध्ये एका सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या तळ्यांजवळ (नाक मुरडू नये, अशा जागा पक्ष्यांना फार आवडतात) कडी घालताना पक्षी अभ्यासक फिलिप राउंड यांच्या हाती असाच एक पक्षी आला. पंखाच्या मानाने चोच जरा जास्तच लांब वाटल्याने त्यांना शंका आली. त्याच्या पिसांतला डीएनए ह्यूम यांच्या नमुन्याशी जुळला. पुढे इंग्लंडमधल्या संग्रहालयात 1869 मध्ये भारतातून गेलेला दुसरा नमुनाही सापडला. त्याच्यावर ब्लिथच्या बोरू वटवट्याची चिठ्ठी होती!

त्यानंतर ही जात अफगाणिस्तानच्या ईशान्य टोकाला, वाखानच्या खोऱ्यात, विणीच्या हंगामात गाताना आढळली आणि 2009 मध्ये तिथेही जाळ्या लावून पिसांच्या नमुन्यांवरून खात्री करून घेण्यात आली. नदीकाठच्या ज्या झुडपांत हे वटवटे राहतात तीच झुडपे सरपणासाठी तोडली जातात आणि तिथेच गुरेही चरतात.