एन्झाईमने धुणं वेगळं आणि एन्झाईमने सॅम्पल घेणं वेगळं

डेअरीचे टँक-पाइप धुवायचे असोत की स्वच्छ झाले का बघायला तिथून सॅम्पल घ्यायचं असो, दोन्हीकडे एन्झाईम, दोन्हीकडे बायोफिल्म, दोन्हीकडे टाकून थोडा वेळ थांबायचं, म्हणून लोकांना वाटतं एकच काम आहे. जळगावच्या विद्यापीठातून (उमवि) मायक्रोबायोलॉजी करून डेअरीत क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासणीला, लागलेली हुशार पोरंसुद्धा विचारतात की सर, सीआयपीसाठी (टँक-पाइप न खोलता जागेवरच धुण्यासाठी) एन्झाईमचा कॅन आलेलाच आहे तर त्यातलंच थोडं घेऊन स्वॅब (सॅम्पल पुसून घ्यायचा कापसाचा बोळा) मारला तर काय बिघडतं. बिघडतं, आणि बरंच बिघडतं, कारण रिपोर्ट चांगला दिसतो आणि दूध तरी खराब होतं, मग शोधत बसा की गडबड कुठे आहे.

आधी बायोफिल्म काय ते पटकन. उन्हाळ्यात माठ चार दिवस घासला नाही की आतून हाताला जे बुळबुळीत लागतं ना, तेच. ड्रिपच्या नळ्या चोक करणारा शेवाळासारखा चिकट थर, त्यातही बराचसा हाच प्रकार असतो, केळीवाल्यांना वेगळं सांगायला नको. बॅक्टेरिया पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रोटीन आणि पेशीबाहेर पडलेला डीएनए यांचा चिकट थर बनवतात. कोरड्या वजनात बघितलं तर बहुतेक बायोफिल्ममध्ये बॅक्टेरिया १० टक्क्यांपेक्षा कमी, बाकी ९० टक्क्यांच्या वर नुसता हा चिकट माल. क्लोरीन किंवा दुसरं सॅनिटायझर वरच्या वर खर्च होतं, आतले मजेत राहतात.

आता धुण्याचा एन्झाईम. त्याला एकच काम, थर तोडून पृष्ठभाग मोकळा करायचा. त्यात प्रोटीएज असतं, कधी अमायलेज, लायपेज, सोबत साबणासारखं सरफॅक्टंट, प्रिझर्व्हेटिव्ह, पीएच धरून ठेवणारे क्षार, कोमट पाण्यात फिरवायचं आणि मागून पेरॅसेटिक ॲसिडसारखं मारणारं काहीतरी. बॅक्टेरिया जगला की मेला याच्याशी त्याला देणंघेणं नाही, मेला तर उलट चांगलंच. एक गोष्ट मात्र इथेच सांगून ठेवतो, बोअरच्या जड पाण्याने टँकच्या आत जो पांढरा मिल्कस्टोन बसतो तो कॅल्शियमचा असतो, तो एन्झाईमने जात नाही, त्याला ॲसिडच लागतं, आणि त्या खरबरीत थराच्या आडोशाला बायोफिल्म परत बसतं.

सॅम्पलच्या एन्झाईमचं काम बरोबर उलट. थर सोडवायचा पण आतला जीव जिवंत बाहेर आला पाहिजे, आणि एकेकटा सुटा बाहेर आला पाहिजे. हे सुटं असणं फार महत्त्वाचं आहे. प्लेटवर आपण कॉलन्या, म्हणजे वाढून डोळ्यांना दिसणारे ठिपके, मोजतो, बॅक्टेरिया नाही. हजार बॅक्टेरियांचा एक गठ्ठा आगारवर (प्लेटमधल्या जेलीवर) पडला तरी कॉलनी एकच येणार आणि तुम्ही लिहिणार एक. साधा स्वॅब बायोफिल्मवरून फिरवला की बराचसा माल जागेवरच चिकटून राहतो, जो येतो तो गठ्ठ्याने येतो, आणि त्यातलाही काही स्वॅबच्या कापसातच अडकतो, म्हणजे आकडा तीन ठिकाणी कमी होत गेला.

उदाहरण म्हणून बल्क कूलरच्या (दूध थंड ठेवायच्या टाकीच्या) आउटलेट व्हॉल्व्हचं रबर गॅस्केट घ्या. युनियन (पाइपाचा जोड) खोलून गॅस्केट काढलं की बघायला एकदम स्वच्छ, ऑपरेटर म्हणतो "धोई टाकं भाऊ, आते काय राहिनं?" पण आतल्या कडेला, जिथे रबर स्टीलला दाबून बसतं, तिथे नख फिरवा, निसटतं. तिथे कापूस पोचतच नाही. अशा वेळी गॅस्केट आख्खं निर्जंतुक पिशवीत टाकायचं, बफरमध्ये (पीएच धरून ठेवणाऱ्या द्रावणात) एन्झाईम घालून गॅस्केट बुडेल एवढं ओतायचं, १५ ते ३० मिनिटं ठेवायचं, मग काचेचे बारीक मणी टाकून हलवायचं आणि ते पाणी टप्प्याटप्प्याने पातळ करून (डायल्यूशन) प्लेटवर लावायचं. टँकच्या सपाट भिंतीवर १० बाय १० सेंटीमीटरचा चौकोन धरून तिथे एन्झाईम लावून थांबायचं आणि मग स्वॅब.

एन्झाईम कोणता हे थर कशाचा आहे त्यावर. डीएनेज पेशीबाहेरचा डीएनए कापतं, डिस्पर्सिन बी स्टॅफिलोकोकससारख्या बॅक्टेरियांच्या चिकट साखरेवर चालतं, प्रोटीएज प्रोटीनवर. एकाने सगळं सुटेल ही आशा धरू नका. २००२ साली सुडोमोनास एरुजिनोसा या बॅक्टेरियावर जे काम झालं त्यात डीएनेजने कोवळं बायोफिल्म सुटलं पण जुनं झालेलं तसं सुटलं नाही, म्हणून मिश्रण वापरतात. आणि बघा, डीएनेजला मॅग्नेशियम-कॅल्शियम लागतं, सवयीने बफरमध्ये ईडीटीए (हेच धातू धरून ठेवणारं रसायन) टाकलं तर डीएनेज गपगार पडतं. लायसोझाईम तर या कामात घेऊच नका, ते थर नाही, बॅक्टेरियाची भिंतच तोडतं, ग्रॅम पॉझिटिव्ह गटातले बॅक्टेरिया आधी मरतात आणि रिपोर्टमध्ये फक्त उरलेले दिसतात.

म्हणून सीआयपीचा कॅन सॅम्पलला चालत नाही. एन्झाईम भले तोच असेल, पण सोबतचं सरफॅक्टंट आणि प्रिझर्व्हेटिव्ह लॅबपर्यंत जाताना बॅक्टेरियांना मारत राहतं. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री, चाळीसगावहून जळगावला सॅम्पल गाडीत नुसतं ठेवून आणलं तर एक तर मरतात नाही तर वाढतात, दोन्हीकडून आकडा खोटा. ठरलेला वेळ झाला की लगेच पातळ करायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि त्याच दिवशी प्लेट लावायची. पृष्ठभागावर सॅनिटायझर राहिलं असेल तर तेही थांबवावं लागतं, क्लोरीनला सोडियम थायोसल्फेट, क्वाटला (क्वाटर्नरी अमोनियमचं सॅनिटायझर) लेसिथिन आणि ट्वीन ८०.

सॅम्पलचा एन्झाईम खरंच मारत नाही ना हे आपल्या लॅबमध्ये तपासता येतं, अवघड काही नाही. ओळखीचं कल्चर अर्धं साध्या बफरमध्ये आणि अर्धं एन्झाईममध्ये तेवढाच वेळ ठेवा, दोन्हीच्या प्लेट ३० डिग्रीला ७२ तास ठेवून मोजा, आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. कल्चर न घातलेल्या नुसत्या एन्झाईमच्या द्रावणाची ब्लँक प्लेटही लावा, कारण हे द्रावण उकळून निर्जंतुक करता येत नाही, उकळलं की एन्झाईमच मेला, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळावं लागतं.

उलटी चूक पण होते आणि मला ती जास्त धोक्याची वाटते. सॅम्पलसाठी एन्झाईम टाकला, थर सुटला, पृष्ठभाग चकाचक दिसला, आणि तशीच लाईन चालू केली. अहो, तुम्ही आत्ताच जिवंत बॅक्टेरिया सुटे करून ठेवलेत, ते पुढच्या पाइपात जाऊन बसणार! सुडोमोनास थंड दुधातही वाढतं आणि त्याचे एन्झाईम पाश्चरायझेशनला टिकून राहतात, बॅक्टेरिया मेला तरी दूध खराब करायचं काम चालूच. म्हणून सॅम्पल घेतलेली जागा परत पूर्ण धुवून सॅनिटाईझ करायचीच.

शेवटचं, एन्झाईमने सॅम्पल घ्यायला लागलात की पहिल्या महिन्यात आकडे वाढलेले दिसतील आणि मॅनेजर सफाईवाल्या पोरांवर ओरडतील. त्यांची काही चूक नसते, आधी जे प्लेटपर्यंत येतच नव्हतं ते आता यायला लागलं. रजिस्टरमध्ये पद्धतीचा वेगळा कॉलम करा, जुन्या स्वॅबचे आकडे नव्या आकड्यांच्या शेजारी लावू नका, आणि काही दिवस दोन्ही पद्धतींनी शेजारशेजारच्या जागेवरून सॅम्पल घ्या म्हणजे आपल्या प्लांटमध्ये फरक किती पडतो ते कळेल.