टाकी फुल केली की गाडी बंद

वडिलांची फियाट १९८६पासून आमच्याकडे आहे. कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण घरात त्या नावाने तिला कुणी कधी हाक मारली नाही. मध्यंतरी दोन पावसाळे ती गावाकडच्या शेडमध्ये उभी होती. पुण्याला परत आणली आणि तिला एक विचित्र खोड लागली. स्वारगेटला टाकी काठोकाठ भरून निघालं, की कात्रजच्या जुन्या घाटात, बोगद्याच्या अलीकडे, ती आचके देत बंद पडायची. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू व्हायची. टाकी अर्धी असली तर मात्र तोच घाट ती विनातक्रार चढायची.

गॅरेजमध्ये निदान एका वाक्यात झालं: ‘फ्युएल पंप गेलाय.’ नवा पंप बसवला. पुढच्या रविवारी गाडी त्याच वळणावर उभी. मग ‘आधीचा डुप्लिकेट निघाला’ म्हणून दुसरा बसवला. तरी तेच. सोसायटीत कुणी पेट्रोलमधल्या भेसळीवर बोट ठेवलं, कुणी लिंबू-मिरची बांधायला सांगितली. एका सद्गृहस्थांनी पेट्रोलच्या नळीवर चिकटवायचं लोहचुंबक आणून दिलं. त्याने म्हणे पेट्रोलचे रेणू ‘सरळ’ होतात आणि अ‍ॅव्हरेज वाढतं. पेट्रोलमधल्या हायड्रोकार्बनवर असल्या चुंबकाचा परिणाम इतका क्षीण असतो, की नळीतून पुढे गेल्यावर त्याचा मागमूसही राहत नाही. हे चुंबक आजही हजार-पाचशे रुपयांना विकलं जातं. लिंबू-मिरची निदान दहा-वीस रुपयांत येते.

टाकी भरलेली असताना बंद आणि अर्धी असताना ठीक, हाच या प्रकरणातला सर्वांत मोठा पुरावा होता, आणि त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पंप पेट्रोल ओढतो असं आपण सगळेच समजतो. तो ओढत नाही.

द्रवाला ओढता येत नाही. स्ट्रॉने उसाचा रस पिताना आपण फक्त तोंडातला दाब कमी करतो. रस वर चढतो तो ग्लासावर दाबून बसलेल्या हवेमुळे. १६४३-४४च्या सुमारास टोरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने पाऱ्याच्या नळीने हे दाखवून दिलं. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो आणि तो पाण्याचा जेमतेम १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलू शकतो. आपल्या शेतकऱ्याला हे पुस्तकाशिवाय माहीत आहे. विहीर खोल असेल तर तो मोटर काठावर न ठेवता आत कट्टा करून पाण्याजवळ बसवतो. वरून कितीही अश्वशक्ती लावली तरी पाणी येत नाही, खालून ढकललं की येतं.

आता जुन्या गाडीचा पंप उघडून पाहू. आत रबर चढवलेल्या कापडाचा गोल पडदा असतो, त्याला डायफ्राम म्हणतात. इंजिनातला कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरताना त्याच्यावरचा उंचवटा एका लिव्हरला धक्का देतो आणि लिव्हर पडदा खाली खेचतो. वरच्या कप्प्यातला दाब कमी होतो, आतली झडप उघडते आणि टाकीवरची हवा पेट्रोलला कप्प्यात ढकलते. मग लिव्हर सैल पडतो आणि पडद्याखालची स्प्रिंग त्याला वर लोटते. आतली झडप मिटते, बाहेरची उघडते, पेट्रोल कार्बोरेटरकडे, म्हणजे ते हवेत मिसळणाऱ्या भागाकडे, जातं.

या यंत्रातलं खरं सौंदर्य त्या स्प्रिंगमध्ये आहे. पेट्रोल पुढे लोटण्याचं काम इंजिन करत नाही, स्प्रिंग करते. इंजिन फक्त स्प्रिंग दाबून ठेवतं. कार्बोरेटरची वाटी भरली की तिच्यात तरंगणारा फ्लोट वर येतो आणि सुईची झडप बंद होते. मग कप्प्यातल्या पेट्रोलला जायला वाट उरत नाही, स्प्रिंगला पडदा वर नेता येत नाही, पडदा खालीच राहतो आणि लिव्हर नुसता रिकामा हलत राहतो. वाटीतलं पेट्रोल थोडं उतरलं की स्प्रिंग तेवढंच पुढे लोटते. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर, आणि तरी गरजेइतकंच पेट्रोल. इंजिन कितीही पळालं तरी पुरवठ्याचा दाब स्प्रिंगच ठरवते, आणि तो असतो एका बारच्या, म्हणजे साधारण हवेच्या दाबाच्या, चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा.

ही गरज किती, याचा हिशेब केला तेव्हा मी थक्क झालो. ताशी ६० किलोमीटर वेग आणि लिटरला १२ किलोमीटर धरले, तर तासाला ५ लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मिलिलिटर पेट्रोल लागतं. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे सेकंदाला २५ फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला ०.०५६ मिलिलिटर येतं. पाण्याचा एक थेंब साधारण एवढाच असतो. घाट चढणारी अख्खी गाडी एका वेळी एका थेंबावर चालते.

आणि इथेच वाफ आडवी येते. पाणी १०० अंशांना उकळतं हे आपण शाळेत शिकतो, पण ते समुद्रसपाटीपुरतं. द्रवाचा स्वतःचा वाफदाब, म्हणजे त्याच्या वाफेचा दाब, बाहेरच्या दाबाएवढा झाला की तो उकळतो. पेट्रोल हे शेकडो पदार्थांचं मिश्रण आहे आणि त्यातले हलके घटक उडून जायला टपलेलेच असतात. ३८ अंश सेल्सिअसला पेट्रोलचा वाफदाब साधारण ६० किलोपास्कल असतो. ४५ अंशांना तो ७५च्या पुढे जातो आणि पन्नाशीच्या थोडं वर हवेच्या दाबाला गाठतो. म्हणजे पेट्रोल ढकलण्यासाठी हवेचे सगळे १०१ किलोपास्कल मोकळे नसतात. त्यांतून वाफदाब वजा करून जे उरतं तेच कामाचं. थंड पेट्रोलला मोठी शिल्लक, तापलेल्याला नाममात्र. महाबळेश्वरच्या उंचीवर हवेचा दाबच ८६च्या आसपास असतो, तिथे शिल्लक आणखी घटते.

ही शिल्लक संपली की पंपाच्या तोंडाशीच पेट्रोल उकळतं. पेट्रोलची वाफ त्याच वजनाच्या द्रवापेक्षा सुमारे दोनशेपट जागा व्यापते. पडदा खाली गेला की बुडबुडा फुगतो, वर आला की आक्रसतो. कप्पा श्वास घेतल्यासारखा हलत राहतो आणि पुढे थेंबही जात नाही. जुने ड्रायव्हर खंबाटकीत किंवा खंडाळ्यात बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचे, ते यासाठी. हा उपाय शंभर टक्के शास्त्रीय आहे. एक ग्रॅम पाणी वाफ होताना २,४०० ज्यूलच्या आसपास उष्णता घेऊन जातं. कोकणातल्या दमट हवेत तेच फडकं कमी गुण देतं आणि देशावरच्या कोरड्या हवेत जास्त, कारण पाणी तिथे झपाट्याने उडतं.

आता आमच्या फियाटचा खटला. टाकीतून पेट्रोल जाईल तशी त्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी काही गाड्यांत झाकणालाच बारीक वाट असते, काहींत टाकीला एक नळी. ही वाट बुजली तर काय होईल, याचा ढोबळ हिशेब करून पाहा. पुण्याला हवेचा दाब ९५ किलोपास्कल. टाकीत पेट्रोल ३० अंशांचं, त्याच्या वाफेचा वाटा ४५ धरू. म्हणजे टाकीतल्या हवेचा वाटा ५०. काठोकाठ भरलेल्या टाकीत मोकळी जागा २ लिटर. कात्रजच्या बोगद्यापर्यंत दीड लिटर पेट्रोल गेलं, जागा झाली साडेतीन लिटर. वाफेचा वाटा ४५च राहतो, कारण पेट्रोल आणखी वाफ पुरवतं. हवा मात्र तेवढीच आहे, तिचा वाटा ५०वरून २९वर येतो. एकूण दाब उरला ७४. तिकडे इंजिनाजवळ पंपाशी पोचलेलं पेट्रोल ४५ अंशांचं, त्याचा वाफदाब ७५च्या वर. शिल्लक शून्याखाली, पेट्रोल उकळणारच.

अर्ध्या टाकीत मोकळी जागा २० लिटर. तेच दीड लिटर गेलं तर ती साडेएकवीस होते आणि दाब जेमतेम साडेतीन किलोपास्कलने उतरतो. गाडी घाट चढून जाते. पंप तोच, पेट्रोल तेच.

हा हिशेब वहीत उतरल्यावर मी पुन्हा टाकी फुल करून कात्रजला गेलो. गाडी बंद पडली. बॉनेटला हातही न लावता मागे जाऊन टाकीचं झाकण सैल केलं. सुस्स करून हवा आत गेली. दोन वेळा सेल्फ मारल्यावर इंजिन सुरू झालं. घरी येऊन टाकीची श्वासाची नळी तपासली, तर तिच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं. असं फक्त जुन्या गाड्यांत होतं असं मानू नका. २०११ मध्ये माझदा कंपनीने अमेरिकेत पन्नास हजारांवर गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण एका जातीचा कोळी टाकीच्या श्वासनळीत जाळं विणून ती बुजवत होता.

तेव्हा कार्बोरेटरवाली गाडी असेल तर पंप बदलण्याआधी घरीच एवढं करून पाहा. पण आधी काळजीचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत लांबवर जाते, आणि पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. काम उघड्यावर, इंजिन थंड असताना, आणि आसपास विडी-उदबत्ती काही नको. तोंडाने नळीतून पेट्रोल ओढायची आपल्याकडची सवय तर सोडाच. श्वासनळीत गेलेला एक घोट फुप्फुसं जाळू शकतो.

एअर फिल्टर काढा आणि इंजिन बंद असतानाच अ‍ॅक्सिलरेटरचा लिव्हर हाताने दाबून कार्बोरेटरच्या घशात बघा. पेट्रोलची पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. गाडी मुळीच सुरू होत नसेल तर दोष बहुधा ठिणगीकडे शोधावा. पिचकारी नसेल तर कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. पंपाकडून कार्बोरेटरला येणारी नळी काढून तिचं तोंड काचेच्या बाटलीत धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठसठशीत चिळकांड्या आल्या तर पंप निर्दोष. नाही आल्या, तर टाकीकडून पंपाला येणारी नळी काढून तिचं तोंड बंद करा, पंपाच्या त्या तोंडावर अंगठा दाबा आणि पुन्हा सेल्फ मारायला लावा. अंगठा खेचला जातोय? मग पंप ठीक आहे, अडथळा फिल्टरमध्ये, नळीत किंवा टाकीच्या श्वासात आहे. अंगठ्याला काहीच जाणवलं नाही तरच झडपा किंवा पडदा गेला म्हणा.

बाटलीत चिळकांडीबरोबर बुडबुडे येत असतील तर टाकी ते पंप ही नळी वीत-वीत तपासा. या बाजूला आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे चीर असली तरी पेट्रोल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. ‘कुठेच गळत नाही’ ही इथे निर्दोषपणाची साक्ष नाही. फाटलेला पडदा मात्र स्वतःच बोलतो: पंपाच्या पोटाखालच्या भोकातून पेट्रोल ठिबकतं, किंवा ते इंजिनात उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी अजिबात चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

पडद्याबद्दल आणखी एक. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या काळच्या रबरासाठी ते बेतलेलं नाही. रबर फुगतं, मग कडक होऊन तडकतं. शिवाय इथेनॉल एकटं असताना पेट्रोलपेक्षा सावकाश उडतं, पण थोड्या प्रमाणात मिसळलं की मिश्रणाचा वाफदाब चढतो. इथेनॉलचे रेणू एरवी एकमेकांना धरून असतात, पेट्रोलच्या गर्दीत ती पकड सुटते. जुनी गाडी बाळगणाऱ्याने पंप दुरुस्त करताना इथेनॉल सोसणारा पडदा मागून घ्यावा.

नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्यांत विजेचा पंप थेट टाकीत बुडवलेला असतो. विहिरीतल्या कट्ट्यावरच्या मोटरचीच ही युक्ती. नळीतला दाब हवेच्या दाबापेक्षा ३ बारने जास्त, त्यामुळे पेट्रोल उकळायला शंभरच्या आसपास तापमान लागतं, आणि ओल्या फडक्याची गरज संपली. तिथे चावी ऑन करून मागच्या सीटखाली दोन-तीन सेकंद गूंऽऽ ऐकू येतं का ते पाहा. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले, मग पंप. ती नळी मात्र घरी उघडू नका. ३ बारची चिळकांडी डोळ्यांत जाते.

आमच्या फियाटचे काढलेले दोन्ही पंप मी गॅरेजमधून मागून आणले होते. लिव्हर हाताने दाबून अंगठ्याने तपासले. दोन्ही अंगठा धरून ठेवतात.