धर्मबदलाचं चित्रण (सँकी आकृती)

माणूस लहानपणी कुठल्या धर्मात वाढला आणि आज स्वतःला कुठल्या धर्माचा म्हणवतो, ही दोन उत्तरं जोडून काढलेलं चित्र म्हणजे धर्मबदलाचं चित्रण. डावीकडे लहानपणचे धर्म, उजवीकडे आत्ताचे, मधे इकडून तिकडे जाणारे पट्टे, आणि पट्टा जेवढा जाड तेवढी माणसं जास्त. सरळ जाणारा पट्टा म्हणजे आहे तिथेच राहिलेले, तिरका म्हणजे बदललेले. "कुठलाच धर्म नाही" असं सांगणाऱ्यांचाही एक खण असतो आणि बऱ्याचदा चित्रातली खरी धावपळ तिथेच असते.

ही आकृती धर्मासाठी जन्मली नाही हे गमतीशीर आहे. कॅप्टन सँकी नावाच्या आयरिश इंजिनिअरने १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनात उष्णता कुठे कुठे वाया जाते ते दाखवायला ती वापरली म्हणून नाव त्याचं पडलं, पण त्याआधी १८६९ मध्ये फ्रान्सच्या मिनार्डने नेपोलियनची रशियावरची स्वारी अशाच पट्ट्याने दाखवली होती, निघताना ४ लाख २२ हजारांचा पट्टा आणि परतताना १० हजारांची रेघ. गोल रिंगणात सगळे धर्म मांडून आतून कमानी जोडायचाही एक प्रकार आहे, दिसायला भारी पण वाचायला जिलेबी.

चित्र कसं वाचायचं ते अमेरिकेच्या उदाहरणावरून बघू, कारण प्यू रिसर्च सेंटर या पाहण्या करणाऱ्या अमेरिकन संस्थेने तिथे २०१४ मध्ये ३५ हजारांवर प्रौढांना हे दोन्ही प्रश्न विचारले होते. कॅथलिकांचा खण घ्या. १०० प्रौढांपैकी ३१.७ जण कॅथलिक घरात वाढलेले. त्यातले १२.९ बाहेर पडले, म्हणजे उरले १८.८. बाहेरून आत आले फक्त २. म्हणून उजवीकडचा खण २०.८ चा. एक आत येतोय तर साडेसहा बाहेर जातायत.

आता हेच नुसत्या टक्केवारीच्या तक्त्यात शोधायला जा, सापडणार नाही. त्याआधीची कित्येक दशकं अमेरिकेत कॅथलिक साधारण पाव हिस्साच होते, आलेख जवळपास सपाट, बघणाऱ्याला वाटावं की काही हलतच नाहीये. प्रत्यक्षात जन्माने कॅथलिक असलेले गळत होते आणि ती जागा मेक्सिको वगैरेकडून आलेले लोक भरून काढत होते. टाकीला खालून भोक आहे आणि वरून नळ चालू आहे तर पाण्याची पातळी बघून काय कळणार? निव्वळ फरक आणि प्रत्यक्ष ये-जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हे चित्र काढायचं ते त्यासाठीच.

धर्म न मानणाऱ्यांचा खण त्याहून मजेदार. तशा घरात वाढलेले ९.२ टक्के, त्यातले ४.३ म्हणजे जवळपास निम्मे मोठेपणी कुठल्या तरी धर्मात गेले, पण बाहेरून १८ टक्के आत आले. "नास्तिकांची पोरं नास्तिकच राहतात" असं म्हणणाऱ्यांनी हा पट्टा जरूर बघावा. हिंदूंचा टिकाव (हिंदू घरात वाढून हिंदूच राहिलेले) त्या पाहणीत ८० टक्के होता, म्हणजे सगळ्यात वरचा, पण लोकसंख्येत हिंदू जेमतेम ०.७ टक्के असल्यामुळे चित्रात तो केसाएवढा दिसतो (आपली तिकडची मंडळी त्या केसातच कुठेतरी). म्हणून जाडी लोकसंख्येच्या टक्क्यांत आहे की त्या धर्माच्या टक्क्यांत, हे आधी बघायचं.

मोठी खोट अशी की चित्राला दोनच टोकं असतात. नेताजी पालकरांना औरंगजेबाने १६६७ मध्ये मुसलमान केलं, मुहम्मद कुली खान नाव दिलं, काबूलकडे पाठवलं, आणि १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी त्यांना परत हिंदू करून घेतलं. एवढी उलथापालथ, पण या चित्रात नेताजी म्हणजे हिंदूकडून हिंदूकडे जाणारी सरळ रेघ! मधला प्रवास दाखवायचा तर तीन-चार उभे थांबे मांडावे लागतात आणि माणसाला तेवढे प्रश्न विचारावे लागतात.

भारताचं चित्र काढलं तर पहिल्या नजरेत कंटाळवाणं निघतं. प्यूनेच २०१९-२० मध्ये जवळपास ३० हजार भारतीय प्रौढांना विचारलं तर ९८ टक्के लोकांनी लहानपणचा आणि आत्ताचा धर्म एकच सांगितला. हिंदू म्हणून वाढून आता नसलेले ०.७ टक्के, दुसरीकडून हिंदू झालेले ०.८. सगळे पट्टे रुळांसारखे सरळ. यावरून इथे कधी काही बदललंच नाही असं कोणी म्हणेल तर तो फसला.

कारण नागपूर. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते २,४८७. १९६१ मध्ये २७,८९,५०१. कागदावर काढायचं झालं तर १९५१ चा पट्टा १ मिलिमीटरचा धरा, १९६१ चा १ मीटर १२ सेंटिमीटर होतो, वहीत काय टेबलावरही मावत नाही. पण २०१९-२० च्या पाहणीत हा पट्टा दिसत नाही, कारण त्या दीक्षाभूमीवर उभे असलेल्यांची पोरं-नातवंडं बौद्ध घरातच वाढली, त्यांचं डावं टोकही बौद्ध आणि उजवंही बौद्ध. दोन पिढ्या गेल्या की सगळ्यात मोठा तिरका पट्टासुद्धा सरळ होतो.

बरं, जनगणनेवरून तरी हे चित्र नीट काढता येतं का? नाही. आपली जनगणना आजचा धर्म विचारते, लहानपणचा नाही. त्यामुळे १९५१ आणि १९६१ चे खण शेजारी ठेवता येतात, मधला पट्टा अंदाजानेच काढावा लागतो, त्यात जन्म-मृत्यूही मिसळलेले. शिवाय कागदाची भानगड आहेच. अनुसूचित जातीच्या यादीसाठीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश आधी काही मोजक्या शीख जाती सोडल्या तर फक्त हिंदूंना लागू होता, १९५६ मध्ये सगळे शीख आले आणि बौद्ध आले ते थेट १९९० मध्ये. म्हणजे तोवर दीक्षा घेतली तर केंद्राच्या सवलतींवर पाणी, म्हणून कित्येक घरांत भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो, सकाळी वंदना आणि दाखल्यावर मात्र हिंदू. राज्याच्या योजनांत "अनुसूचित जाती व नवबौद्ध" असं जोडनाव चिकटलं ते याच काळातलं. असं घर कुठल्या खणात टाकायचं ते मोजणारा कुठला कागद समोर धरतो त्यावर ठरतं.

आणि डाव्या खणावर नाव काय लिहायचं हाही वाद आहे. अस्पृश्य मुळात बौद्धच होते अशी मांडणी बाबासाहेबांनी १९४८ मध्ये केली होती, ती धरली तर डावीकडे "हिंदू" लिहिणंच चूक. आंबेडकरी वस्तीत "धर्मांतर केलं" पेक्षा "धम्मदीक्षा घेतली" हे जास्त ऐकू येतं. सॉफ्टवेअरला मात्र डावीकडे एक नाव भरल्याशिवाय पट्टा काढताच येत नाही.