मुलांची एमटीबी रस्त्यावरच्या शर्यतीला नेताय? ड्रॉप हँडल घेण्याआधी हे वाचा

शर्यतींचे दिवस जवळ आले की आमच्या सायकल दुकानाच्या काउंटरवर एक पिशवी येते. पिशवीत नवंकोरं ड्रॉप हँडल (रेसिंग सायकलचं, टोकं खाली वळलेलं), शेजारी चोवीस इंची एमटीबी म्हणजे माउंटन बाइक धरून उभं असलेलं मूल, आणि प्रश्न ठरलेला: "एवढं बसवून द्याल का?" आम्ही बहुतेक वेळा नाही म्हणतो. काही पालकांना ती टाळाटाळ वाटते, म्हणून कारणं एकदा लिहूनच ठेवतोय.

ड्रॉप हँडल एकटं येत नाही. एमटीबीचं हँडल मुठीपाशी २२.२ मिमी जाड असतं, ड्रॉप हँडल २३.८ मिमी. त्यामुळे सायकलचे आत्ताचे ब्रेक लिव्हर आणि शिफ्टर (गियर बदलायचे खटके) त्यावर चढतच नाहीत. रोड सायकलचे लिव्हर घेतले, तर एमटीबीच्या व्ही-ब्रेकला (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या उभ्या दांड्यांचा ब्रेक) लागते तेवढी केबल ते ओढत नाहीत. लिव्हर हँडलला टेकतो तरी ब्रेक धड लागत नाही. यावर तोडगे आहेत, पण एकामागून एक भाग घेत बजेट संपतं आणि सायकल होती तिथेच राहते.

मोठी अडचण मापाची आहे. एमटीबीची फ्रेम सपाट हँडल धरून लांब बनवलेली असते. त्यावर ड्रॉप हँडल आलं की हात सात-आठ सेंटिमीटर आणखी पुढे जातात. मागच्या हंगामात एक मुलगी असं हँडल दुसरीकडून बसवून आली होती. दुकानासमोर दोन चकरा मारायला सांगितल्या. कोपरं ताठ, आणि ब्रेक लावायची वेळ आली की आधी सीटवरून पुढे सरकायची, मग बोटं लिव्हरला पोहोचायची. घोळक्यात तेवढा वेळ मिळत नाही. आम्ही त्याच दिवशी तिचं जुनं हँडल परत चढवलं.

पैसे घालायचेच तर आधी टायरमध्ये घाला. जाड गुट्ट्यांचे टायर डांबरावर मुलाची ताकद खातात आणि वळणावर गुट्ट्या दबून सायकल डुलते. २४ × १.९५ काढून २४ × १.२५ चे गुळगुळीत टायर घातले की फरक मूल स्वतः येऊन सांगतं.

पण टायर घेताना नुसतं 'चोवीस इंच' बघू नका. सध्याच्या टायरच्या कडेला ५०-५०७ असा आकडा असतो. पहिला रुंदीचा, तो बदलेल. दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, तो तोच हवा. दोन्ही मिलिमीटरमध्ये. २४ × १ ३/८ असं अपूर्णांकात लिहिलेलं टायर ५४० किंवा ५४७ चं असतं. तेही चोवीस इंचच म्हणवतं, पण तुमच्या रिमवर बसणार नाही. सव्वीस इंचीतही तोच घोळ: एमटीबी ५५९, आणि १ ३/८ वालं सहसा ५९०. त्या आकड्याचा फोटो काढून आणा. टायर आमच्याकडूनच घ्या असं नाही, माप तपासून मात्र नक्की देऊ.

रुंदी ३२ मिमी (म्हणजेच वरचं १.२५ इंच) किंवा २८ मिमी पुरते. ट्यूब त्याच मापाची हवी. आतली रबरी रिमपट्टी जुनी असेल तर कापडी घालून घ्या. जास्त हवेत रबरी पट्टी सरकते आणि आऱ्यांच्या भोकांवर ट्यूब फुटते. तीसेक किलोच्या मुलाला ३२ च्या टायरमध्ये ४०-५० पीएसआय हवा बास. दगडासारखं टणक केलं की चाक नुसतं उड्या मारतं.

टायर बारीक झाल्यावर चाकाचा घेर साधारण १.९१ मीटरवरून १.७९ वर येतो, म्हणजे गियर आपोआप सहा टक्के हलका होतो. पुढे ४२, मागे १४ दाते असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल ५.४ मीटर जाते. मुलांच्या काही शर्यतींत या अंतरावर मर्यादा असते. नियमपत्रक सोबत आणलंत तर आम्ही फरशीवर खडूने खूण करून मोजून देतो. गियरची दातेचक्रं बदलायची गरज क्वचितच पडते.

शॉकअपला लॉक असेल तर लावा, नसेल तर प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) घट्ट करा. साधा फोर्क घातला की वजन चांगलंच उतरतं, पण त्याची उंची जुन्याशी जुळली पाहिजे, नाहीतर पुढची बाजू खाली बसते आणि हँडल चंचल होतं. हा खर्च पुढच्या हंगामावर ढकललात तरी चालेल.

हँडल खाली घ्यायला मात्र पैसे लागत नाहीत. स्टेमखालचे (हँडल धरणाऱ्या तुकड्याखालचे) स्पेसर म्हणजे कड्या काढून वर घालायच्या, जमलं तर स्टेम उलटा लावायचा. हँडल खांद्यांपेक्षा फार रुंद असेल तर दोन्ही टोकांनी एकेक सेंटिमीटर कापतो, मूल बसवून बघतो, मग पुढे कापतो. टोकांना प्लग हवेतच. उघड्या नळीवर पडलेल्या मुलाच्या पोटाची जखम वाईट असते. स्टँड, कॅरियर, मडगार्ड आम्ही काढून पिशवीत बांधून देतो.

हे सगळं मुलाला सायकलवर बसवल्याशिवाय जमत नाही, म्हणून नुसती सायकल ठेवून जाऊ नका. आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी नको, निदान आठ दिवस आधी या. ब्रेक-गियरच्या केबल नव्या घातल्या तर चार-पाच दिवसांत सैल पडतात, त्या आम्ही पुन्हा ओढून देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. काढलेले गुट्ट्यांचे टायर जपून ठेवा, शर्यत संपली की मूल ते मागणारच.