गोलसरासरी आणि गोलफरक : सत्तरच्या दशकातील इंग्लिश गुणतक्त्यातील भागाकार आणि वजाबाकी

३ मे १९७१ रोजी आर्सेनलचा संघ टॉटनमच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर इंग्लिश फुटबॉलच्या तेव्हाच्या सर्वोच्च श्रेणीतील, म्हणजे फर्स्ट डिव्हिजनमधील, आपला बेचाळिसावा आणि शेवटचा सामना खेळायला उतरला, तेव्हा लीड्स युनायटेडचे सर्व सामने संपलेले होते. लीड्सचे ६४ गुण होते आणि आर्सेनलचे ६३. त्या काळी विजयाला दोन गुण आणि बरोबरीला एक गुण मिळत असे. त्यामुळे आर्सेनल जिंकले तर विजेतेपद त्यांचे आणि हरले तर लीड्सचे, एवढे सरळच होते. गुंतागुंत होती ती बरोबरीत. सामना ०-० असा सुटला तर आर्सेनल विजेता ठरणार होता. पण १-१ किंवा २-२ असा सुटला तर विजेतेपद लीड्सकडे जाणार होते. बरोबरी म्हणजे बरोबरी, तिच्यातून मिळणारा गुणही एकच. मग गोल झालेल्या आणि न झालेल्या बरोबरीत इतके अंतर का पडावे, हा प्रश्न आजच्या प्रेक्षकाला पडणे स्वाभाविक आहे, कारण आज इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या गोलफरकाच्या नियमात असे अंतर पडूच शकत नाही. त्या वेळी नियम गोलसरासरीचा होता.

या दोन संज्ञांची आपल्याकडे सर्रास सरमिसळ होते. मराठी क्रीडावृत्तांमध्ये ‘सरस गोलसरासरीच्या जोरावर’ असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात तो निकाल गोलफरकावर लागलेला असतो. दोन्ही पद्धती समान गुण असलेल्या संघांमध्ये क्रम लावण्यासाठीच आहेत, दोन्हींमध्ये त्याच दोन संख्या वापरल्या जातात आणि बहुतेक वेळा दोन्हींचे उत्तरही एकच येते, म्हणून ही सरमिसळ खपून जाते. परंतु १९७० ते १९७२ या दोन हंगामांचे गुणतक्ते समोर ठेवले, तर त्या दोन पद्धती किती वेगळ्या आहेत हे जितके स्पष्ट दिसते तितके एखाद्या काल्पनिक उदाहरणातून दिसणार नाही.

गोलसरासरी म्हणजे संघाने हंगामभरात केलेल्या गोलांना त्याने स्वीकारलेल्या गोलांनी भागून येणारी संख्या. येथे एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा : दर सामन्यामागे किती गोल, अशी ही सरासरी नाही, सामन्यांच्या संख्येचा तिच्याशी काही संबंध नाही. गोलफरक म्हणजे केलेल्या गोलांतून स्वीकारलेले गोल वजा केल्यावर उरणारी संख्या. ही स्पर्धा चालवणाऱ्या फुटबॉल लीगने १९७५-७६ च्या हंगामापर्यंत भागाकार वापरला आणि १९७६-७७ पासून वजाबाकी स्वीकारली. विश्वचषकात मात्र हा बदल त्याआधीच, १९७० च्या मेक्सिकोतील स्पर्धेत झाला होता.

आता व्हाइट हार्ट लेनवरील त्या संध्याकाळचा हिशेब मांडू. लीड्सने ४२ सामन्यांत ७२ गोल केले होते आणि ३० स्वीकारले होते. ७२ भागिले ३० म्हणजे बरोबर २.४००. आर्सेनलचे ४१ सामन्यांनंतर ७० गोल झाले होते आणि त्यांनी २९ स्वीकारले होते. ७० भागिले २९ म्हणजे सुमारे २.४१४. सामना गोलशून्य सुटला तर आर्सेनलची ही सरासरी तशीच राहणार होती आणि दोघांचे ६४ गुण होऊनही आर्सेनल दशांशचिन्हापुढच्या दुसऱ्या स्थानावरील एका अंकाने विजेता ठरणार होता. १-१ झाले असते तर आर्सेनलचा आकडा ७१ भागिले ३०, म्हणजे सुमारे २.३६७ झाला असता आणि लीड्स पुढे गेले असते.

हाच प्रश्न वजाबाकीने सोडवला तर चित्र पार पालटते. लीड्सचा गोलफरक ४२ होता आणि आर्सेनलचा शेवटच्या सामन्याआधी ४१. कोणत्याही बरोबरीत गोलफरक जागचा हलत नाही, म्हणून ०-० असो वा ३-३, विजेता लीड्सच ठरला असता. म्हणजे गोलफरकाचा नियम असता, तर आर्सेनलला त्या रात्री जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. गोलसरासरीच्या नियमामुळे आर्सेनलचे व्यवस्थापक बर्टी मी यांच्या संघाला गोल न स्वीकारता वेळ काढण्याचा मार्गही खुला होता आणि सामन्याचा बराचसा काळ गोलशून्य अवस्थेतच गेला. शेवटच्या काही मिनिटांत जॉर्ज आर्मस्ट्राँगच्या क्रॉसवर रे केनेडीने हेडरने गोल केला. आर्सेनल १-० ने पुढे गेला खरा, पण त्यानंतरही टॉटनमने एक गोल परत केला असता तर विजेतेपद हातचे गेले असते, अशी ती विलक्षण परिस्थिती होती. ०-० पुरेसे असावे आणि १-१ मात्र पुरू नये, हे गोलसरासरीच्या गणिताचे सर्वांत नेमके दर्शन आहे. आर्सेनलने आघाडी टिकवली, ६५ गुणांसह विजेतेपद मिळवले आणि पाच दिवसांनी वेम्बलीवर लिव्हरपूलला हरवून एफए कपही जिंकला.

असे का होते, याचे उत्तर भागाकाराच्या स्वभावात आहे. लीड्सच्याच ७२ आणि ३० या आकड्यांवर प्रयोग करून पाहा. आणखी एक गोल केला तर सरासरी २.४०० वरून सुमारे २.४३३ वर जाते, म्हणजे ०.०३३ ने वाढते. एक गोल स्वीकारला तर ती सुमारे २.३२३ वर येते, म्हणजे ०.०७७ ने घटते. एकच गोल, पण स्वीकारताना त्याचे वजन करतानाच्या वजनाच्या दुपटीहूनही अधिक. ज्या संघाने केलेले गोल स्वीकारलेल्या गोलांपेक्षा किमान दोनने जास्त आहेत, त्या प्रत्येक संघाच्या बाबतीत हे असमान वजन लागू होते आणि संघ जितका वरचा, तितकी ही विषमता मोठी असते. म्हणूनच गुणतक्त्याच्या वरच्या टोकाला असलेल्या संघाला गोल झालेली बरोबरी महागात पडते. गोलफरकात मात्र केलेल्या आणि स्वीकारलेल्या गोलाचे वजन तंतोतंत सारखेच असते, मग संघ पहिला असो वा शेवटचा.

गोलसरासरीमुळे संघ बचावात्मक खेळत असत आणि गोलफरकाने आक्रमणाला उत्तेजन दिले, असे विधान अनेकदा केले जाते. त्याचा पहिला भाग वरच्या संघांपुरता बरोबर आहे. दुसरा भाग मात्र मला नीट तपासून घ्यावासा वाटतो. वजाबाकी ही आक्रमणाच्या बाजूने झुकलेली नाही, ती तटस्थ आहे. आक्रमणाला खरे उत्तेजन देते ती गोलफरकही समान असल्यास लागू होणारी पुढची पायरी, म्हणजे ज्याने जास्त गोल केले तो वर, ही अट. या दोन गोष्टी एकाच नियमात शेजारी असल्यामुळे एकीचे श्रेय दुसरीला दिले जाते.

पुढचा हंगाम, १९७१-७२, याहूनही दाटीवाटीचा ठरला. ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर या प्रशिक्षकांच्या डर्बी काउंटीने १ मे १९७२ रोजी लिव्हरपूलला १-० ने हरवून ५८ गुणांवर आपला हंगाम संपवला. मँचेस्टर सिटी ५७ गुणांवर आधीच थांबले होते. लीड्स ५७ गुणांवर आणि लिव्हरपूल ५६ गुणांवर होते आणि दोघांचा प्रत्येकी एक सामना बाकी होता. ते दोन्ही सामने ८ मे रोजी झाले. लीड्सने दोनच दिवसांपूर्वी एफए कपची अंतिम लढत जिंकली होती आणि त्यांना वुल्व्हरहॅम्प्टनच्या मैदानावर फक्त बरोबरी पुरेशी होती. त्यांचे आकडे इतके चांगले होते की ५८ गुणांवर ते दोन्ही पद्धतींनी डर्बीच्या पुढे गेले असते. ते २-१ ने हरले. लिव्हरपूलला आर्सेनलविरुद्ध हायबरीवर विजय हवा होता. सामना ०-० सुटला. डर्बीचे खेळाडू मायोर्का बेटावर सुटीवर असताना त्यांच्या क्लबच्या इतिहासातील पहिले विजेतेपद निश्चित झाले.

हायबरीवर सामना संपत आला असताना जॉन टोशॅकने चेंडू जाळ्यात धाडला होता, परंतु ऑफसाइडमुळे तो गोल नाकारण्यात आला. तो ग्राह्य धरला गेला असता आणि लिव्हरपूल १-० ने जिंकले असते, तर त्यांचेही ५८ गुण झाले असते. आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवा. डर्बीने ६९ गोल करून ३३ स्वीकारले होते, म्हणून त्यांची सरासरी सुमारे २.०९१. लिव्हरपूलचे ६५ आणि ३० झाले असते, म्हणजे सुमारे २.१६७. गोलसरासरीने लिव्हरपूल विजेते. वजाबाकीने मात्र डर्बीचा फरक ३६ आणि लिव्हरपूलचा ३५, विजेते डर्बीच. एका सहायक पंचाच्या झेंड्यावर विजेतेपद अवलंबून होते ते केवळ भागाकाराचा नियम होता म्हणून. गोलफरकाच्या जगात तो झेंडा वर गेला असता काय किंवा नसता काय, क्लफच्या संघाला त्याने काही झाले नसते. अर्थात नियम वेगळा असता तर संघ हंगामभर कदाचित वेगळ्या बेताने खेळले असते, तेव्हा अशा पडताळणीतून ‘खरा विजेता कोण’ हे ठरवता येत नाही. दोन पद्धती गोलांना किती वेगळ्या नजरेने पाहतात, एवढेच तिच्यातून कळते आणि ते पुरेसे आहे.

याचे जुने आणि सर्वांत वेदनादायी उदाहरण १९२३-२४ चे आहे. हडर्सफील्ड टाउन आणि कार्डिफ सिटी यांचे प्रत्येकी ५७ गुण झाले. हडर्सफील्डचे गोल ६०-३३, कार्डिफचे ६१-३४; दोघांचा फरक नेमका २७. सरासरी मात्र अनुक्रमे सुमारे १.८१८ आणि १.७९४, म्हणून विजेते हडर्सफील्ड. आजच्या नियमाने फरक समान असल्यामुळे जास्त गोल करणारे कार्डिफ विजेते ठरले असते. बर्मिंगहॅमविरुद्धच्या शेवटच्या गोलशून्य सामन्यात कार्डिफच्या लेन डेव्हिसची पेनल्टी हुकली होती. कार्डिफला त्यानंतर इंग्लंडचे लीग विजेतेपद कधीच मिळाले नाही.

उलट दिशेचे उदाहरण २६ मे १९८९ चे. अॅनफिल्डवर आर्सेनलने लिव्हरपूलला २-० ने हरवले, दोघांचे ७६ गुण झाले आणि दोघांचा गोलफरक ३७ झाला. आर्सेनलने ७३ गोल केले होते आणि लिव्हरपूलने ६५, म्हणून अखेरच्या क्षणी मायकल थॉमसने केलेला गोल विजेतेपदाचा गोल ठरला. जुन्या भागाकाराने पाहिले तर लिव्हरपूल ६५ भागिले २८, म्हणजे २.३२१, आणि आर्सेनल ७३ भागिले ३६, म्हणजे २.०२८. ती पद्धत चालू असती तर त्या रात्री आर्सेनलला दोन गोलांनी काही साधले नसते; त्यांना ५-० असा विजय मिळवावा लागला असता. तसे असते तर सामन्याला कोणी महत्त्वही दिले नसते.

क्रिकेटचा नेट रन रेट कोणत्या गटात बसतो, असे कोणी विचारील. त्यात भागाकार असला तरी अखेरची क्रिया वजाबाकीची आहे, एका धावगतीतून दुसरी वजा केली जाते, म्हणून स्वभावाने तो गोलफरकाच्या जवळचा. प्रथमश्रेणी क्रिकेटमधील कोशंट (दर बळीमागे केलेल्या धावांना दर बळीमागे दिलेल्या धावांनी भागून येणारी संख्या) मात्र गोलसरासरीचा सख्खा भाऊ.

माझे मत विचाराल तर गोलफरकच अधिक न्याय्य आहे. दशांशाच्या तीन स्थानांपर्यंतचे गणित प्रेक्षकाला स्टँडमध्ये उभे राहून करता येत नाही आणि आपल्या संघाला आता काय हवे आहे हे त्याला तोंडी हिशेबाने कळले पाहिजे, हे एक कारण. दुसरे आणि मोठे कारण असे की ३-२ ने जिंकणाऱ्या आणि १-० ने जिंकणाऱ्या संघांमध्ये नियमाने पक्षपात करू नये. गोलसरासरी तो करत होती, आणि तोही गुणतक्त्यातील जागेनुसार उलटसुलट. तळाच्या संघांची गोलसरासरी एकच्या खाली असते. तेथे गोल झालेली बरोबरी सरासरी वाढवते. वरच्या संघाला जे १-१ जाचते, तेच खालच्या संघाला लाभते.

जुने गुणतक्ते वाचताना याची आठवण ठेवावी लागते, कारण आज ते पुन्हा छापताना पुष्कळदा गोलसरासरीच्या रकान्याऐवजी गोलफरकाचा रकाना घातला जातो आणि मग क्रम चुकल्यासारखा वाटतो. १९७१-७२ च्याच तक्त्याच्या तळाशी नॉटिंगहॅम फॉरेस्ट एकविसावे आणि हडर्सफील्ड बाविसावे आहेत, दोघांचे गुण २५ आणि दोघांचीही सेकंड डिव्हिजनमध्ये घसरण झालेली. फॉरेस्टचे गोल ४७-८१, म्हणजे फरक उणे ३४. हडर्सफील्डचे २७-५९, म्हणजे उणे ३२. उणे ३४ वर आणि उणे ३२ खाली, हे पाहून छपाईची चूक समजू नये : ४७ भागिले ८१ म्हणजे ०.५८०, आणि २७ भागिले ५९ म्हणजे ०.४५८.